अर्ध्या गुंठ्याचे घर

आमच्याकडे हल्ली सोयरीक जुळवताना मुलीकडची मंडळी प्रथम काय विचारतात, हे ठाऊक नसलेला वाचक वसईच्या कोणत्याही धर्मग्रामात सापडणार नाही. पूर्वी विचारीत, मुलगा पितो का, घरात माणसे किती, विहिरीला पाणी बारमाही असते की एप्रिलमध्येच तळ दिसतो. आता एकच प्रश्न उरला आहे. मुलाच्या नावावर फ्लॅट आहे का?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या आळीतील एका मुलाची सोयरीक याच प्रश्नावर अडली. मुलगा शिकलेला, अंधेरीस नोकरीला, मिस्सा न चुकविणारा. घरी सतरा गुंठे वाडी, उंच जोत्यावरचे कौलारू घर, पुढे ओटी, मागे पडवी. मुलीचे मामा ओटीवर बसून लिंबाचे सरबत प्याले, घराची स्तुती केली आणि उठताना म्हणाले, "घर छानच आहे हो, पण स्टेशनजवळ काही घेतले आहे का?" तीन महिन्यांच्या आत बापाने रस्त्याकडची पाच गुंठे काढली आणि नालासोपाऱ्याला मुलाच्या नावावर फ्लॅट घेतला. सोयरीक पुन्हा जुळली. लग्न थाटात झाले. त्या लग्नाला आम्हीही जेवलो, हे येथेच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते इतरांकडे बोट दाखवून लिहिता येणार नाही.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. वाडीत वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. ज्याला 'वन बीएचके' म्हणतात तो फ्लॅट भिंतींच्या आतून मोजला तर बहुधा चारशे-साडेचारशे चौरस फुटांचा भरतो. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. पाच गुंठे दिले आणि अर्धा गुंठा घेतला, तोही जमिनीवर नव्हे, चौथ्या मजल्यावर, अधांतरी. उरलेल्या पैशांतून लग्न झाले, दागिने झाले, मोटारसायकल आली. व्यवहार वाईट झाला असे त्या घरात कोणीच म्हणणार नाही. आम्ही म्हणतो.

त्या पाच गुंठ्यांत राजेळीची केळ होती. सुकेळी जिची करतात तीच राजेळी. कडेला चार माड होते. आणि एका कोपऱ्यात बावखल होते. बावखल हा शब्द आता आमच्याच मुलांना समजावून सांगावा लागतो. पावसाचे पाणी वाडीच्या पोटात धरून ठेवणारे ते गोड्या पाण्याचे तळे; काठावर रहाट, पाण्यात मासे, आणि त्याच्या आधारावर भोवतालच्या चार घरांच्या विहिरी. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरींचे पाणी मचूळ झाले नाही ते या बावखलांच्या कृपेने. ज्याने ती पाच गुंठे घेतली त्याने पहिल्याच महिन्यात बावखलात भराव टाकला. विकणाऱ्याच्या हातात दाम पडले; विहीर मात्र शेजाऱ्याची खारावली. शेजाऱ्याने काहीच विकले नव्हते.

दुसरी बाजू आम्हांस दिसत नाही असे कोणी समजू नये. ती आम्ही आमच्या घरात पाहिली आहे. एका चुलीवर तीन सुनांनी स्वयंपाक करावा, सासूच्या परवानगीवाचून डब्यातली साखरही काढू नये, आणि नवराबायकोंना चार शब्द बोलावयाचे तर माळ्यावरच्या अंधारात जावे, या जुन्या घराचे जे गोडवे गाइले जातात ते बहुतेक पुरुषांनी गाइले आहेत. आमच्या एका वहिनी लग्नानंतर अकरा वर्षांनी फ्लॅटमध्ये राहावयास गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काय केले असेल? दुपारी दार लावून घेतले आणि झोपल्या. अकरा वर्षांत त्या दुपारी कधी आडव्या झाल्या नव्हत्या. हे त्यांनी आम्हांस हसत सांगितले, पण आम्हांस हसू आले नाही. वाडीची कामे, पाणी लावणे, पहाटे उठून भाजीच्या जुड्या बांधणे, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, यांचा भार या पट्ट्यातल्या बायकांनी पिढ्यानुपिढ्या वाहिला. त्यांच्या नातीला वाडी नको वाटत असेल तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार ओटीवर बसणाऱ्यांना नाही.

शिवाय पाच भावांना एक घर पुरत नाही, आणि गावातून स्टेशन गाठून पुढे लोकल धरणाऱ्याचा दिवस दोन्ही टोकांना फाटतो. स्टेशनजवळ राहिल्याने रोजचा तास-दीड तास वाचत असेल तर तो तास त्याच्या लेकरांचा आहे. तेव्हा उपनगरात घर घेणे हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. आमचा रोख निराळ्याच गोष्टीवर आहे. जे घर गरजेपोटी, हिशेब करून, डोळे उघडे ठेवून घ्यावयाचे, ते आमच्या समाजात प्रतिष्ठेपोटी, हिशेब न करता, वाडी विकून घेतले जात आहे. आणि त्या व्यवहारात ज्यांचे नुकसान होते त्यांना कोणी विचारीत नाही.

आम्ही कोण आहोत हेही एकदा आठवावे. १९८८ नंतर वसईची जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली तेव्हा याच गावांतून माणसे रस्त्यावर उतरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. दडपशाहीला भीक न घालता माणसे मोर्चात चालली, बायका मुलांना कडेवर घेऊन चालल्या. फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला जी गर्दी लोटली तीत अश्रू खरे होते. परंतु त्या गर्दीतल्या कितीजणांनी आधीच्या वर्षभरात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची पायरी चढली होती, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. बिल्डर बाहेरचे, राजकारणी बाहेरचे, लोंढे बाहेरचे, हे आम्ही तीस वर्षे म्हणत आलो. सातबारावरचे नाव मात्र बाहेरचे नव्हते. दलालही पुष्कळदा आपल्याच धर्मग्रामातला असतो. सणाच्या वर्गणीत त्याचा आकडा सर्वांत मोठा असतो आणि त्याची खुर्ची पहिल्या रांगेत.

जुन्या करारातली नाबोथाची कथा आपल्या प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. राजा अहाब त्याला द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा देऊ करीत होता, नाहीतर रोख किंमत. नाबोथाने दोन्ही नाकारले, आणि त्यापायी जीव गमावला. आमच्याकडे अहाबाला महालात रुसून निजावे लागत नाही, ईजबेलीला कारस्थान रचावे लागत नाही. नाबोथ स्वतःच दलालाला फोन करून विचारतो, सध्या भाव काय चालला आहे?

बरे, वाडी गेली ती गेली. तिच्या बदल्यात जे हातात येते ते तरी पक्के असते काय? येथे आम्हांस थोडे सविस्तर लिहावयाचे आहे, कारण या बाबतीत आमची सुशिक्षित माणसेसुद्धा लहान मुलांसारखी वागताना पाहिली आहेत.

नालासोपारा पूर्वेला एका जागेवर ४१ इमारती उभ्या होत्या. ती जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेली होती. माणसांनी तेथे खोल्या विकत घेतल्या, करारपत्रे केली, कित्येकांनी कर्जे काढली, घरपट्टी भरली, वर्षानुवर्षे संसार केला. उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या सर्व जमीनदोस्त करण्यात आल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे परीक्षांच्या तोंडावर मुलांची दप्तरे घेऊन रस्त्यावर आली. पुढे त्याच वर्षी, २६ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळली. एका घरात वर्षाच्या मुलीचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. १७ माणसे गेली. ती इमारतही अनधिकृत होती, आणि फार जुनी नव्हती.

अशा वेळी आमची माणसे हळहळतात आणि म्हणतात, गरीब बिचारे, फसले. जणू आपण त्या रांगेत नाही! आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी भविष्यनिर्वाह निधीतला पैसा मुलाच्या फ्लॅटमध्ये घातला. त्यांना आम्ही विचारले, भोगवटा प्रमाणपत्र पाहिले काय? ते म्हणाले, "अहो, महापालिका घरपट्टी घेते, वीज मंडळाने मीटर दिला आहे, आणखी काय पाहावयाचे?" चाळीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसाचे हे उत्तर. घरपट्टी भरल्याने इमारत अधिकृत ठरत नाही. अनधिकृत बांधकामावरही कायद्याने कर घेता येतो, त्यावर शास्तीही लावता येते, आणि कर भरल्याची पावती हातात असतानाच इमारत पाडताही येते. विजेच्या मीटरचेही तसेच. कर्ज मंजूर झाले म्हणजे कागद चोख असले पाहिजेत, ही दुसरी समजूत. कर्ज देणाऱ्याला हप्त्याची काळजी असते. छप्पर पडले म्हणून हप्ता माफ होत नाही. आणि कागदावर शिक्का आहे म्हणून तो शिक्का खरा आहे असेही नाही. बनावट शिक्के आणि बनावट बांधकाम परवानग्या यांचे मोठे प्रकरण २०२३ साली विरारमध्येच उघडकीस आले. प्रमाणपत्राची प्रत बिल्डरच्या कार्यालयात बसून पाहावयाची नसते, ती महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळावयाची असते.

२०१६ चा रेरा कायदा आल्यापासून, महाराष्ट्रात २०१७ च्या मे महिन्यापासून, ग्राहकाच्या हातात बरेच काही आले आहे. नोंदणीकृत करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. चटई क्षेत्र म्हणजे काय हे कायद्याने ठरविले आहे. जिना, गच्ची आणि लिफ्ट मिळून फुगविलेला आकडा विकता येत नाही. परंतु जो भूखंड पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा नाही, किंवा जेथे आठपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्याला या नोंदणीतून सूट आहे. आमच्या गावांत जे चार मजले रातोरात उभे राहतात ते बहुधा अशाच पाच-सात गुंठ्यांवर. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. तेव्हा 'रेरा आहे ना' असे म्हणून निर्धास्त होण्याआधी, आपण विकलेल्या तुकड्याचे क्षेत्रफळ आठवावे.

आणि एक गोष्ट, जी वाडीवाल्याला सर्वांआधी कळावयास हवी आणि सर्वांत शेवटी कळते. फ्लॅट जुना होतो. तीस-चाळीस वर्षांनी सिमेंट सुटते, सळ्या दिसू लागतात, आणि मग किंमत उरते ती खालच्या जमिनीची. ती जमीन कोणाच्या नावावर आहे? १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यावयाची असते. किती सोसायट्यांना ती मिळाली, हे आपापल्या सोसायटीच्या चिटणिसाला विचारून पाहावे. बिल्डर टाळाटाळ करतात म्हणूनच तर २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात करावी लागली. ज्या माणसाच्या आजोबाने सातबारावर नाव लावण्यासाठी तहसील कार्यालयात चपला झिजविल्या, तो नातू सात लाखांचे फर्निचर करतो आणि पायाखालची जमीन कोणाची आहे हे विचारीत नाही.

पाण्याविषयी फार लिहीत नाही. सूर्या प्रकल्पाचे वाढीव पाणी २०२३ च्या अखेरीस येऊ लागले, हे चांगलेच झाले. पण प्रत्येक इमारतीला ते सारखे पोहोचते असे समजू नये. घर पाहावयास जाणे ते मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये. मे महिन्यात दारात टँकर उभा आहे काय ते दिसते, आणि जुलैमध्ये दारात गुडघाभर पाणी. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, वीज गेली, आणि दुमजली-तिमजली घरांतली माणसे दूध-पावासाठी खाली उतरू शकली नाहीत. मिठागरे आणि खाजणे ज्यांनी भरली त्यांनी ते पाणी कोठे जावे याचा विचार केला नव्हता. लोकलविषयी तर लिहावयाचीच गरज नाही. वसई रोड ते चर्चगेट ५२ किलोमीटर, विरार ते चर्चगेट ६०. स्टेशन घराजवळ आले, चर्चगेट जवळ आले नाही.

हप्त्याचा हिशेब मात्र मांडू. समजा तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे सव्वीस हजार रुपये. वीस वर्षांत साडेबासष्ट लाखांच्या जवळपास रक्कम बँकेत जाते, त्यातली साडेबत्तीस लाख नुसती व्याजाची. आता समजा तेच घर बारा हजार रुपये भाड्याने मिळते. मुलाने भाड्याने राहून उरलेले चौदा हजार नियमाने बाजूला ठेवले, तर निदान नोकरी टिकते की नाही, सुनेला ती वस्ती मानवते की नाही, हे पाहावयास दोन-चार वर्षे मिळतात. भाडे वाढेल, हे खरे. घरमालक अकरा महिन्यांनी उठवील, हेही खरे. तरी पंचविसाव्या वर्षी वीस वर्षांची बेडी पायात घालून, तीही नववधूला दाखविण्यासाठी, संसार सुरू करावा, यात शहाणपण कोणते? 'भाड्याने राहतो' हे शब्द आमच्या समाजात कुजबुजत उच्चारले जातात, जणू मुलगा तुरुंगात आहे. कर्जबाजारी असणे मात्र कोणी कुजबुजत नाही. त्याला आम्ही 'सेटल झाला' म्हणतो.

हा न्यूनगंड आमच्या पूर्वजांना नव्हता. १९१८ या वर्षाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या वर्षी वांद्र्यात सालसेट कॅथोलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आणि त्याच वर्षी, इकडे वसईत, मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी ती पतसंस्था काढली जी आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून सर्वांना माहीत आहे. वांद्रे तेव्हा मुंबईचे उपनगर होऊ घातले होते, आजच्या वसईसारखेच. तेथल्या माणसांनी एकएकट्याने बिल्डर गाठण्याऐवजी एकत्र येऊन, सभासद होऊन, घरे उभारली. वसईच्या शेतकऱ्याजवळ पत नव्हती, ती त्यांनी एकत्र येऊन निर्माण केली. आज आमच्याजवळ पत आहे, शिक्षण आहे, वास्तुविशारद आहेत, वकील आहेत, आणि तरीही आम्ही एकेकटे, चोरट्या पावलांनी, भावाला न सांगता, दलालाकडे जातो.

जुन्या जोत्याच्या जागेवरच, रीतसर परवानगी काढून, तीन भावांची तीन स्वतंत्र घरे बांधता येत नाहीत काय? प्रत्येक सुनेला स्वतःचे दार, स्वतःची चूल, स्वतःचा नळ. वाडीला हात न लावता. आम्हांस उत्तर मिळते ते असे, भावाभावांचे पटत नाही. अहो, ज्या माणसांशी पटत नाही त्यांच्यापासून सुटण्यासाठी तुम्ही ज्या सोसायटीत जाता, तिच्या वार्षिक सभेला एकदा बसून पाहा! आठशे रुपयांच्या पाणी-खर्चावरून तेथे जे चालते त्यापुढे आमची बांधावरची भांडणे म्हणजे भक्तिगीते.

शेवटची बाब नाजूक आहे, आणि ती कागदावर यावी म्हणूनच खरे तर हा लेख लिहावयास घेतला. वाडी विकताना बहिणींच्या सह्या घेतल्या जातात. हक्कसोड पत्र. सणाला म्हणून बोलावतात, जेवू घालतात, साडी देतात, आणि हात धुऊन झाल्यावर कागद पुढे करतात. बहीण न वाचता सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. वकीलही तिला काही सांगत नाही, कारण तो भावाने आणलेला असतो. आम्हां ख्रिस्ती माणसांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, आणि तो स्पष्ट आहे. मृत्युपत्र न करता बाप गेला तर एक-तृतीयांश त्याच्या विधवेचे. उरलेल्या दोन-तृतीयांशांत सर्व मुलांना सारखा वाटा, मुलगा-मुलगी हा भेद नाही. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हाही भेद नाही. भावाचा फ्लॅट ज्या पैशांतून होतो त्यात बहिणीचा पैसा आहे. तिने तो राजीखुशीने दिला तर तिचे मोठेपण. पण तिला आकडा न सांगता घेतला तर त्याला काय म्हणावे, हे आम्ही लिहीत नाही. पापनिवेदनाला जाताना ज्याचे त्याने शब्द शोधावेत.

हे आम्ही आता एवढ्या धीटपणे लिहितो, याचे कारण आमच्याच घरात हा प्रसंग येऊन ठेपला आहे. वडील गेले, आई आहे. आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण. पुतण्याचे लग्न ठरत आहे आणि प्रश्न तोच आला: फ्लॅट? रस्त्याकडची नऊ गुंठे काढावीत असे धाकट्या भावाचे म्हणणे. विरारला ४१० चौरस फुटांचा एक फ्लॅट पाहून ठेवला आहे, टोकनही दिले आहे. पोर चांगले आहे, त्याचे लग्न व्हावे ही आमचीही इच्छा. गेल्या रविवारी बहिणीला बोलाविले. जेवण झाले. कागद पुढे केला. तिने चष्मा लावला, तीनही पाने वाचली आणि म्हणाली, "दादा, सही मी देईन. पण आधी माझे किती होतात ते तुम्ही कागदावर लिहून दाखवा."

ओटीवर कोणी बोलेना. धाकटा उठून बाहेर गेला. मग आम्हीच पेन्सिल घेतली. नऊ गुंठ्यांपैकी तीन आईची. उरलेल्या सहांचे चार वाटे. बहिणीचा वाटा दीड गुंठा. दीड गुंठा म्हणजे १६३३ चौरस फूट, पुतण्याच्या फ्लॅटच्या जवळजवळ चौपट. आईने तो कागद आमच्या हातून घेतला, दोनदा पाहिला, आणि म्हणाली, "म्हणजे ह्यातली तीन माझी?" तिला हे आजवर कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

कागद सध्या तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. टोकनची मुदत महिनाअखेरीस संपते. धाकटा आमच्याशी बोलत नाही. हक्कसोड पत्रावर अद्याप कोणाचीही सही झालेली नाही.